बॉनेटखालचा नवा आवाज

डेट्रॉइटच्या नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत उन्हाळ्यातल्या शनिवारी फेरफटका मारला, की एखाद्या तरी ड्राइव्हवेवर बॉनेट उघडलेली गाडी आणि तिच्यात डोकं घातलेला मालक दिसतो. त्यात आपली मराठी मंडळीही असतात. हौस असतेच, पण खरं कारण पैशाचं. गॅरेजची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर जाते, आणि स्पेअर पार्टची दुकानं अनामत घेऊन हत्यारं घरी न्यायला देतात. काम उरकतं, गाडी चालू होते आणि काल नव्हता असा आवाज येऊ लागतो. मग एक तर ‘इंजिन गेलं’ म्हणून धाबं दणाणतं, नाही तर ‘जुनी गाडी आहे, व्हायचंच’ म्हणून हात झटकले जातात. माझ्या मते दोन्ही चूक. दुरुस्तीनंतर आलेल्या आवाजाचा पहिला संशयित म्हणजे आपलाच हात, आणि तपास सुरू व्हावा तो शेवटी हात लावलेल्या भागापासून.

याला आधार आहे. घरी होणाऱ्या कामांत अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर वगैरे फिरवणारा बेल्ट बदलणं हे नेहमीचं. या बेल्टला आतून लांब खाचा असतात. घाईत तो पुलीवर एका खाचेने सरकून बसला, तरी गाडी व्यवस्थित चालते, फक्त चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते. चालत्या बेल्टच्या खाचांकडच्या बाजूवर लांबूनच पाण्याचा बारीक फवारा मारावा (बाह्या वर आणि बोटं दूर, हे सांगायला नकोच). आवाज क्षणभर थांबून परत आला तर बेल्ट किंवा पुली तिरकी आहे. उलट तो वाढून किंचाळायला लागला तर ताण कमी पडतोय, म्हणजे टेन्शनरकडे बघा. स्पार्क प्लग बदलल्यावर येणारी टिकटिकही अशीच बोलकी. प्लग नीट आवळला गेला नाही, की सिलिंडरमधला वायू दर स्फोटाला आट्यांमधून निसटतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना एका सिलिंडरमध्ये एकच स्फोट होतो. म्हणजे न्यूट्रलवर ७०० आरपीएम असताना ती टिकटिक मिनिटाला ३५०, सेकंदाला जवळपास सहा. ऐकायला भयानक, उपाय मात्र टॉर्क रेंचचा. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप राहिली तर घोंघाव, होजचा क्लॅम्प सैल राहिला तर शिट्टी.

‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल’ हा आक्षेप इथे येणारच, आणि मिशिगनमध्ये तो पोकळ नाही. हिवाळाभर इथल्या रस्त्यांवर मीठ पसरतात; खुद्द डेट्रॉइटच्या पोटात मिठाची खाण आहे. त्या मिठाने एक्झॉस्टवरचा उष्णतारोधक पत्रा खाल्लेला असतो. पण असा पत्रा खडखडायला लागतो तो बऱ्याचदा त्याच्या शेजारी पाना फिरल्यावर. फांदी कुजकी होती हे खरं, पण कावळ्याचं वजनही खोटं नव्हतं. खात्री करायची तर केलेलं काम सोडवून पुन्हा बसवावं. आवाज बदलला तर सुगावा लागला. जराही बदलला नाही, तर मग खुशाल वयाला दोष द्या.

दुसरा आक्षेप इंजिनिअरांचा: एवढी कानाची कसरत कशाला, स्कॅनर लावा. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत ओबीडी-२ सक्तीचं आहे, पण त्याचा मुख्य रोख प्रदूषणावर. होज सुटून शिट्टी वाजत असेल तर ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असा कोड येईलही, पण कुठली होज ते यंत्र सांगणार नाही. बेल्टच्या चिवचिवीला तर कोडच नाही. पुण्यातला मिस्त्री नुसत्या कानाने ओळखतो, असं इथे कौतुकाने सांगतात. तोही बॉनेटला हात लावण्याआधी विचारतो, ‘काय काम केलं होतं?’

एका आवाजापुढे मात्र हा घरगुती तपास थांबवावा. इंजिनाच्या तळातून येणारा, गॅस दिला की वाढणारा जड ठोका, आणि सोबत ऑइलचा दिवा लागला असेल तर इंजिन तत्काळ बंद करून टो-ट्रक बोलवावा. जानेवारीत गारठा आहे म्हणून गॅरेजचं दार लावून इंजिन चालू ठेवणं तर जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि गाडी मेकॅनिककडे गेलीच तर आपण काय खोललं ते लपवू नये. वॉरंटी जाईल या भीतीने लोक गप्प बसतात. पण १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे नेहमीची देखभाल घरी केली एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. आपल्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. कोणता बोल्ट सोडला, आवाज थंड इंजिनावर येतो की गरम, एसी लावल्यावर बदलतो का, एवढं कागदावर लिहून दिलं, तरी शोधण्यात जाणाऱ्या तासाचे पैसे वाचू शकतात.