रतनवाडीत उतरलेली बॅटरी

आईला स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत श्वास अडकतो, म्हणून रात्रभर नाकावर मास्क आणि उशाशी सीपॅपचं यंत्र लागतं. तिचं माहेर अकोले तालुक्यातलं, राजूरच्या बाजूचं. भंडारदऱ्याच्या काठी पावसाळ्यात मुक्काम करायची तिची फार इच्छा. पण त्या दिवसांत तिकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून भावाने आणि मी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. नगरला तिच्यात झोपायची सोय, छोटा फ्रिज आणि मागच्या बाजूला 150 एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी बसवून घेतली. इंजिनाची बॅटरी वेगळी. ही फक्त आतल्या वापरासाठी.

हिशेब पक्का होता. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर आईचं यंत्र साधारण 30 वॅट घेतं, म्हणजे 12 व्होल्टवर अडीच अँपिअर. आठ तासांचे 20 एएच. फ्रिजचे दिवसरात्र मिळून पस्तीस-चाळीस. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हे पथ्य पाळलं तरी 75 एएच हाताशी. तरीही भंडारदऱ्याकाठच्या रतनवाडीला पहाटे तीनच्या सुमारास यंत्र बंद पडलं आणि आई घुसमटून उठली. भावाने इंजिन चालू केलं, मी मास्क पुन्हा लावला. उजाडेपर्यंत तिघंही जागे होतो.

नगरला परतल्यावर ज्याला विचारावं तो एकच सांगे: बॅटरी गेली, नवी टाका. मला ते पटेना. ही बॅटरी का गेली हे कळल्याशिवाय नवी टाकली, तर तीही त्याच वाटेने जाणार. आणि इथे प्रश्न दिव्या-पंख्याचा नव्हता, आईच्या श्वासाचा होता.

आधी करंट कुठे झिरपतोय का ते पाहिलं. सगळं बंद करून मीटर लावला. जेमतेम काही मिलिअँपिअर. तिथे काही नव्हतं. मग व्होल्टेज. गाडी बंद करताक्षणी बॅटरी 13 च्या वर दाखवायची आणि पॅनेलवरचा हिरवा दिवा ‘फुल’ म्हणायचा. हे वरवरचं चार्जिंग. बॅटरीला काहीही न जोडता रात्रभर तशीच ठेवली, तर सकाळी मीटरवर जेमतेम 12. भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर हवी. म्हणजे तो हिरवा दिवा पहिल्या दिवसापासून खोटं बोलत होता.

खरं निदान केलं ते नगरमधल्याच एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांनी. त्यांनी सहाही बुचं काढून ओळीने फडक्यावर ठेवली, हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून एकेका सेलमधलं पाणी वर ओढलं आणि काचेतला तरंगता काटा डोळ्यांच्या रेषेत धरून ग्रॅव्हिटी, म्हणजे त्या पाण्याची घनता, वाचू लागले. “अकराशे साठ. अकराशे साठ. अकराशे पंचावन्न...” सहाव्या सेलपर्यंत आकडा फारसा हलला नाही. पूर्ण भरलेल्या सेलला बाराशे चाळीसच्या आसपास यायला हवं. नळीतला शेवटचा थेंब परत सेलमध्ये सोडून ते म्हणाले, “ताई, सेल गेला असता तर तो एकटाच खाली दिसला असता. हे तर सगळे सारखे खाली आहेत. ही मेली नाही, उपाशी आहे.”

का उपाशी, ते पुढच्या अर्ध्या तासात कळलं. इंजिन चालू असताना अल्टरनेटरवर 14.2 व्होल्ट, आणि मागे बॅटरीच्या टर्मिनलवर जेमतेम 13.1. मधले 1.1 व्होल्ट वायर खात होती. गाडी तयार करून देणाऱ्याने पुढून मागे 4 चौरस मिलिमीटरची वायर ओढली होती. जाऊन-येऊन 12 मीटर. 20 अँपिअर वाहिले की एवढी घट होणारच. वायर तापत नाही, फ्यूज उडत नाही, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. त्यातून लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला पुरेसं व्होल्टेज आणि बरेच तास लागतात. नगरहून संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याजवळच्या शेंडीला पोचेपर्यंतचा प्रवास त्याला कुठला पुरणार?

टपावर सोलर पॅनेल होतं. नगरला सावेडीत दारात उभ्या गाडीवर ते बरं चालायचं. पण आपला जिल्हा असा की नगर पर्जन्यछायेत आणि रतनवाडी-घाटघर घाटमाथ्यावर. जुलैत तिथे दिवसभर धुकं आणि धार. आईला ज्या दिवसांत जायचं असतं, नेमक्या त्याच दिवसांत पॅनेलचा आधार तुटतो.

चाचांनी 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, दोन्ही टोकांना फ्यूज दिले. गाडीचं व्होल्टेज वर-खाली झालं तरी मागच्या बॅटरीला हवं तेवढंच देणारा डीसी-टू-डीसी चार्जर मध्ये बसवला. बॅटरी दुकानात ठेवून, बुचं सैल करून, उघड्यावर कमी करंटने सावकाश चार्ज केली. अर्धवट भरलेली बॅटरी फार काळ तशीच राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होतात. ते जितके विरघळतील तितके विरघळवायचे. ग्रॅव्हिटी बाराशे तीसपर्यंत चढली, पुढे सरकली नाही. गेलेली ताकद सगळी परत येत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

उरलेली किती, हे आईला घेऊन निघण्याआधी मला कळायला हवं होतं. हेडलाइटचा 60 वॅटचा बल्ब जोडून 12 तास जळत ठेवला. साधारण 60 एएच. मग बॅटरीला विसावा देऊन मोजलं तर 12.1, म्हणजे जवळपास निम्मी उतरलेली. आता ती मी 120 ची धरते. त्यात आईचं यंत्र आणि फ्रिज एक रात्र-दिवस जेमतेम निघतात. दुसऱ्या रात्री मात्र फ्रिज संध्याकाळीच बंद करायचा आणि तिसऱ्या मुक्कामाआधी शेंडीत कुणाच्या तरी घरून वीज घेऊन रात्रभर चार्जर लावायचा, असं भावाशी ठरलं आहे. इंजिनाच्या बॅटरीवरून सीपॅप चालवता येईल अशी एक जादा पिनही पुढे काढून घेतली आहे.