मात्रा, मिनिट आणि जात्याचा फेरा

छंदशास्त्र शिकवताना ‘मात्रा’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला जातो की त्याच्या पोटातील प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन, असे आपण फळ्यावर लिहितो. पण ती एक मात्रा किती वेळाची? ह्या प्रश्नाला छंदशास्त्रात उत्तर नाही आणि नसावे हेच योग्य आहे. मात्रा प्रमाण सांगते, वेळ सांगत नाही. एक अक्षर दुसऱ्याच्या दुप्पट आहे एवढे वृत्तावरून कळते. ते किती सावकाश म्हणावे हे म्हणणाऱ्याची लय ठरवते. पाठ्यपुस्तकांत हा भेद एखाद्या वाक्यात उरकलेला असतो. संगणकावर संगीताची रचना करण्याची जी साधने आहेत, ज्यांना सिक्वेन्सर म्हणतात, त्यांत मात्र तो डोळ्यांना दिसेल इतका ठसठशीत असतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही साधने एकदा पाहावीत असे मला वाटते, ते त्यासाठीच.

१९८३ साली वाद्ये आणि संगणक यांच्यासाठी ‘मिडी’ नावाची समान भाषा अस्तित्वात आली. मिडीच्या नोंदीत ध्वनी नसतोच. कोणता स्वर, किती जोराने, केव्हा सुरू व केव्हा बंद, एवढ्याच सूचना असतात. ह्यातील ‘केव्हा’ बहुधा सेकंदांत लिहिलेले नसते. एका ठोक्याचे समान सूक्ष्म भाग कल्पून त्या भागांत, म्हणजे ‘टिक’मध्ये, ते मोजले जाते. ठोक्याचे भाग किती करावेत हे प्रत्येक फाइल स्वतः ठरवते. ९६, ४८०, ९६० हे नेहमीचे आकडे. ४८० धरले आणि गुरूला पूर्ण ठोका दिला, तर लघूच्या वाट्याला २४० टिक येतात. लय स्वतंत्रपणे नोंदवलेली असते : एका ठोक्याला किती मायक्रोसेकंद. काहीच नोंदवले नसेल तर ५,००,००० धरायचे, म्हणजे मिनिटाला १२० ठोके. हा आकडा दुप्पट केला की गाणे निम्म्या वेगाने चालते, पण एकाही स्वराची टिकमधील जागा बदलत नाही. वृत्ताचे खाते वेगळे आणि लयीचे वेगळे. शिवाय लयीची नोंद गाण्यात हव्या त्या ठिकाणी बदलता येते. अशा बदलांच्या मालिकेला लयीचा नकाशाच म्हणता येईल.

येथपर्यंत सारे आपल्या परंपरेला मानवणारे आहे. अडचण निर्माण होते ती दुरुस्तीच्या सोयीमुळे. माणसाचा हात ठोक्याच्या थोडा अलीकडे-पलीकडे पडतो. त्याला जवळच्या ठरीव रेघेवर ओढून बसवण्याच्या क्रियेस ‘क्वांटाइझ’ म्हणतात. १९८० साली आलेल्या रॉजर लिन यांच्या एलएम-१ ह्या तालयंत्रात ही सोय होती. पुढे जे डिला ह्या अमेरिकन संगीतकाराने अशाच यंत्रावर ती मुद्दाम टाळून, ठोके किंचित विस्कळीत ठेवून, आपली शैली घडवली. त्याचे यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तेव्हा दुरुस्ती ही यंत्राची सक्ती नव्हे. ती कोठे करावी हा निवडीचा प्रश्न आहे, आणि निवड आली की वाङ्मयीन अभिरुचीही आली.

हा प्रश्न माझ्या घरापर्यंत आला तो एका कॅसेटमधून. माझ्या सासूबाईंच्या ओव्या १९९०च्या दशकात घरीच ध्वनिमुद्रित केलेल्या होत्या. दळणाची गरज तेव्हा उरली नव्हती, गिरणी कोपऱ्यावर होती; पण जात्याशिवाय ओवी आठवत नाही म्हणून त्या जात्यापाशी बसल्या. त्यामुळे कॅसेटवर आवाजाच्या खाली दगडाची घरघर अखंड ऐकू येते. त्या गेल्यावर तेवढाच त्यांचा आवाज आमच्यापाशी राहिला. महाविद्यालयातील मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात ह्या ओव्यांना टाळांची आणि बासरीची साथ द्यावी असे ठरले. संगणकाचे काम जाणणाऱ्या एका विद्यार्थ्याने ती संगणकावर घेतली आणि पहिल्याच दिवशी विचारले,

“मॅडम, आजींची लय हलते आहे. रेघेवर बसवून घेऊ का?”

“त्यांचा आवाज हलवू नकोस. तुझे टाळ हलव.”

त्याने मग जात्याच्या प्रत्येक फेऱ्याशी एक खूण केली. एक फेरा म्हणजे एक ठोका असे धरून दोन खुणांमधील अंतरावरून लय काढली आणि टाळ त्या बदलत्या लयीवर ठेवले. पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ उमटली. काही ठिकाणी ती एकाएकी खाली जात होती. कान देऊन ऐकल्यावर उलगडा झाला : तेथे जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकण्यासाठी एक हात खुंट्यावरून निघाला होता. फेरा मंदावला आणि त्याबरोबर शब्दही लांबला.

एक शंका मात्र उरत होती. जुनी कॅसेट स्वतःही कमीजास्त वेगाने चालते; मग ही रेघ सासूबाईंची कशावरून? उत्तर ध्वनिमुद्रणातच होते. फीत मंदावली तर लय आणि स्वर दोन्ही एकदम उतरतात. गाणारी व्यक्ती मंदावली तर लय उतरते, स्वर जागेवर राहतो. दाणे टाकण्याच्या जागी स्वर स्थिर होता. तो विसावा त्यांच्या हाताचा होता.

आता तो कसा लिहावा? मंदावलेला एक ठोका म्हणून, की ठोक्यांच्या गणतीबाहेरील निःशब्द जागा म्हणून? ह्या प्रश्नावर विचार केलेली एक प्रणाली आहे, ‘बोल प्रोसेसर’. १९८०च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड बेल यांनी ती जेम्स किपेन यांच्यासह घडवली, लखनौचे तबलावादक उस्ताद आफाक हुसैन खाँ यांच्या कायद्यांच्या अभ्यासासाठी. तिच्या पुढील आवृत्तीत लांबी न सांगता केवळ तीन टिंबे देऊन विश्रांती लिहिता येते. आजूबाजूची रचना पाहून तिची लांबी प्रणाली काढते. आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे हेच बेल पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहकार्यात सहभागी झाले. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहे.

आम्ही तो विसावा मंदावलेला ठोका म्हणूनच लिहिला, कारण जाते कोठेही पूर्ण थांबलेले ऐकू येत नाही. ओवीच्या छापील संहितेत ह्या विसाव्याला जागा नसते. अक्षरे मोजावीत तर स्त्रियांच्या ओवीत ती कमीजास्त भरतात, आणि आपण त्याला ‘शैथिल्य’ किंवा ‘मुक्तता’ असे नाव देऊन पुढे जातो. परंतु अक्षरांची गणती ज्या फेऱ्यावर बेतलेली आहे तो फेराच दाण्यांच्या मुठीप्रमाणे लहानमोठा होत असेल, तर त्या कमीजास्तपणाची कारणमीमांसा कागदावर होऊ शकणार नाही. ओवीचा छंद शिकवण्यापूर्वी एखादी ओवी जात्याच्या आवाजासह वर्गात ऐकवावी, फेऱ्याफेऱ्याशी विद्यार्थ्यांना टिचकी वाजवायला सांगावी आणि मगच अक्षरे मोजायला घ्यावीत. पहिल्या काही फेऱ्यांत टिचक्या चुकतील. कोठे चुकतात ते नोंदवून ठेवावे. पुढची चर्चा त्या जागांपासून सुरू करता येईल.