उष्णतेची वाट

माझ्या नावावरची तीन पेटंट तीन वेगळ्या विषयांतली आहेत : बॅटरी, वाहनाची चासी आणि पदार्थविज्ञान. एवढ्या क्षेत्रांत कसा शिरलो, असं लोक विचारतात. मी मात्र एकाच प्रश्नामागे लागलो होतो. सेलमधून निघणारी उष्णता न्यायची कुठे?

विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. लिथियम-आयन सेलला मानवतं ते साधारण १५ ते ३५ अंशांचं तापमान. त्यापुढे त्याचं आयुष्य घटतं आणि एखादा पेटलाच, तर शेजारच्यालाही पेटवू शकतो. विजेवरच्या दुचाकीत पंख्याला आणि पाण्याच्या नळ्यांना जागा फार थोडी. म्हणून आम्ही सेलभोवती पॅराफिन मेण भरलं. वितळताना ते किलोमागे सुमारे २०० किलोज्यूल उष्णता शोषतं. पण उष्णता पुढे नेण्यात ते फारच मंद. सेललगतचा थर वितळतो आणि बाकीचं मेण घट्टच राहतं. त्यावर उपाय म्हणून ग्रॅफाइट मिसळलं.

अर्ज केला आणि पेटंट कार्यालयाचा आक्षेप आला : यात नवं काय? विद्युत वाहनांच्या बॅटरीसाठी असा वितळणारा पदार्थ वापरण्याची कल्पना इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अल-हल्लाज आणि सेलमन यांनी २००० सालीच मांडली होती. आक्षेप रास्त होता. आमचं म्हणून नेमकं काय, हे आता काटेकोर सांगावं लागणार होतं.

उत्तर ग्रॅफाइटच्या रचनेत सापडलं. दाबून केलेल्या त्याच्या पत्र्यात उष्णता पृष्ठभागालगत भराभर पसरते, जाडीतून मात्र सावकाश जाते. सेलांच्या मधे हे पत्रे असे उभे केले, की शेजाऱ्याकडची वाट अडावी आणि चासीच्या ॲल्युमिनियमकडची मोकळी राहावी. हे पहिलं पेटंट. मग ही उष्णता झेलणारी चासी हवी, तिचं दुसरं. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पत्रा आणि चासी यांच्यातला सांधा सुटू नये, म्हणून तडा न जाणारा भरावाचा लेप केला, त्याचं तिसरं.

भारतात पेटंटचा हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा असतो. अर्जातला तपशील मात्र सहसा १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध होतो आणि कुणालाही वाचता येतो. मला या दुसऱ्या तरतुदीचं मोल अधिक वाटतं. अल-हल्लाज-सेलमन यांचं काम खुलं होतं, म्हणूनच आम्ही त्याच्या पुढे जाऊ शकलो. उद्या एखाद्या तरुण इंजिनिअरला आमच्या अर्जाचा दाखला देऊन असाच आक्षेप यावा, आणि त्याने त्याहून चांगलं उत्तर शोधावं, एवढीच माझी इच्छा आहे.