खर्जातला गंधार

तंबोऱ्याची चौथी तार, खर्जाची, बोटाच्या गराने छेडावी आणि हात आवरून बसावे. आधी जाड, घुमारदार षड्ज कानी येतो. मग त्या षड्जाच्या पोटातून एक गंधार हलकेच वर येतो. चारांपैकी एकही तार गंधाराला लावलेली नसते, तरी तो असतो. आणि एकदा कानाला सापडला की पुढे दर वेळी सापडतो. गवई मंडळी त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला गाण्याची गोडी लागली ती या गंधाराने, आणि त्याचा माग काढता काढता विज्ञानाचीही. पुढे भीमाकाठच्या भोपळ्यांबद्दल आणि मिरजेच्या कारागिरांबद्दल जिव्हाळा वाटू लागला, त्याचीही सुरुवात इथेच झाली.

मी नोकरदार माणूस. गाणे किंवा पदार्थविज्ञान यांपैकी कशावरही माझे पोट चालत नाही. पण संध्याकाळी घरी आलो, पंखा बंद केला, गवसणी उतरवली आणि जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा मिळवायला बसलो की दिवसाचा शीण कुठल्या कुठे जातो. खुंटी पिळून तार जवळपास आणायची आणि मग मणी सरकवून उरलेला अंश भरून काढायचा. दोन तारा अगदी एक झाल्या की मधली थरथर थांबते आणि आवाज दुणावतो. तो क्षण रोज नवा वाटतो.

गंधाराचा हिशेब सोपा आहे. खर्जाची तार सेकंदाला १०० वेळा थरथरते असे धरा. ती सबंध थरथरत असतानाच दोन, तीन, चार, पाच भागांतही थरथरत असते. म्हणून १०० च्या जोडीला २००, ३००, ४००, ५०० कंपनांचे सहायक नाद एकदमच निघतात. २०० हा वरचा षड्ज. ३०० त्याच्या दीडपट, म्हणजे पंचम. ४०० पुन्हा षड्ज. आणि ५०० म्हणजे ४०० च्या सव्वापट, शुद्ध गंधार. ज्यांनी लहानपणी सवायकी-दिडकी घोकली, त्यांना सप्तकाचे गणित आधीच येत होते! पेटीवरचा गंधार मात्र सव्वापटीहून किंचित चढा असतो. ५०० च्या जागी तो सुमारे ५०४ वर जातो. एवढासा फरक, पण तंबोऱ्याशेजारी पेटी धरली की जाणकार कानाला तो टोचतोच.

हे गणित सगळ्याच तारांना लागू आहे. मग तंबोराच एवढा का झणझणतो? त्याचे उत्तर घोडीत आहे. व्हायोलिनची घोडी वर अरुंद असते; तंबोऱ्याची रुंद, आणि तिच्या माथ्याला नजरेला कळेल न कळेल असा उतार. थरथरणारी तार दर फेरीला त्या उताराला चाटून जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा असतो. तो केसभर पुढेमागे केला की आवाज मिटतो, नाहीतर एकदम उमलतो. हीच जवारी. रोजच्या वाजवण्याने तारेची घोडीवर चरी पडते, जवारी बसते आणि आवाज मुका होत जातो. मग कारागीर तारा उतरवतो, घोडीचा माथा कानशीने घासतो, तार चढवून ऐकतो, पुन्हा घासतो. मी हे काम जवळ बसून पाहिले आहे. त्यात मोजपट्टी कुठे लागत नाही. हात थांबतो तो कानाने हो म्हटल्यावर.

या घोडीने चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही गुंतवून ठेवले होते. १९०७ ते १९१७ या काळात ते अर्थखात्याच्या नोकरीत होते, त्यातला बहुतेक काळ कोलकात्यात. कचेरीच्या वेळेबाहेर बहूबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत जाऊन ते आपला छंद पुरवत. वाद्यांचा ध्यास त्यांनी तिथेच घेतला. पुढे प्राध्यापक झाल्यावर १९२१ साली त्यांनी तंबोरा आणि वीणेवर निबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्या सहायक नादाचा स्थिर बिंदू येतो, तो नाद उमटू नये, असा जुना नियम. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली तर वरचा षड्ज नाहीसा व्हायला हवा. तंबोऱ्यात तो ठणठणीत ऐकू येतो. त्याचे श्रेय रामन यांनी घोडीच्या त्या उताराला दिले. नोबेल मिळवणाऱ्या माणसाने जे प्रयोगशाळेत तपासले, ते आपल्या कारागिरांच्या बोटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. दोघांबद्दलही माझा आदर यामुळे वाढला.

नोकरी सांभाळून हौसेने केलेल्या अशा शोधाचे आणखी एक उदाहरण आपल्या अंगणातले आहे. डेप्युटी कलेक्टर राहिलेले सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून तारेच्या लांबीवर श्रुती मोजल्या आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले. ई. क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश त्यांच्या सोबतीला होते. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले, होणारच. पण एक महसूल अधिकारी, एक न्यायाधीश आणि किराणा घराण्याचा थोर गवई एका तारेभोवती बसून तिची मापे घेत आहेत, हे चित्र मला फार मोलाचे वाटते. ज्ञानाचा पुष्कळसा प्रांत अशाच हौशी माणसांनी कसला आहे.

आज ते काम खिशातला फोन करतो. आवाजातली कंपने सुटी करून दाखवणारे फुकट ॲप मिळते. परवा भाचीने ते उघडून फोन तंबोऱ्याजवळ ठेवला. खर्ज छेडताच पडद्यावर उंचवट्यांची रांग उभी राहिली. "मामा, हा पाचवा बघ, पहिल्यापेक्षा उंच आहे!" ती ओरडली. पाचवा म्हणजे गंधार. तिच्या कानाने तो आधी धरला नव्हता. डोळ्याने पाहिल्यावर धरला. आता ती डोळे मिटून तो दाखवते. नव्या तंत्राने जुन्या कानाला अशी वाट दाखवावी, याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

बेंगळुरूचे अभियंते जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्या पेटीने आणि नंतर आलेल्या ॲपनी एका खोलीच्या घरात, वसतिगृहात, परदेशातल्या सदनिकेत रियाज शक्य केला. ज्यांच्याकडे तंबोरा ठेवायला कोपराही नव्हता त्यांना षड्ज मिळाला. हे फार मोठे काम आहे. मीही प्रवासात फोनचाच तंबोरा लावतो. फक्त तो हवेशी बोलत नाही. खरा तंबोरा पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, रोज थोडा वेगळा लागतो आणि गाणाऱ्याला रोज ऐकायला भाग पाडतो.

तो हवेशी बोलतो कारण तो मातीतून आलेला आहे. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतो. हा भोपळा कडू, भाजीला निरुपयोगी. तो वेलावर जून होऊ द्यायचा, वाळवायचा, मग कापून बिया-गर काढायचा. वाढत्या फळाखाली पाणी साचले तर ते सडते. म्हणजे भीमेला पूर आला की त्याचा फटका मैफलीपर्यंत पोहोचतो. दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. घोडीसाठी एके काळी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी ते थांबले, आणि कारागीर उंटाच्या हाडाकडे, लाकडाकडे, कृत्रिम पदार्थांकडे वळले. आवाज तरीही गोड राहिला. हत्तीही राहावा आणि गंधारही राहावा, हे जमते. तंबोरा त्याचा पुरावा आहे.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून रुजले. तलवारींना धार लावणारे हात तारांना सूर देऊ लागले. त्याच गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, आणि तिथल्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ आजही संगीतसभा होते. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनाने नाव टिकते. हात टिकायला मात्र काम लागते.

म्हणून माझे एक सांगणे आहे. गाणे येत नाही, विज्ञान शाळेतच सुटले, असे म्हणून अडू नका. हौस ही पुरेशी पात्रता आहे. फोनवरचा तंबोरा जरूर लावा, पण जवळच्या गायन क्लासात जाऊन एकदा खऱ्या तंबोऱ्याशेजारी बसा. आणि तुमच्या घरी आजोबांचा, आत्याचा एखादा तंबोरा गवसणीत पडून असेल, तर यंदा तो मिरजेला न्या, तारा बदला, जवारी काढून घ्या आणि शिकणाऱ्या मुलाच्या हाती द्या. कारागिराला काम मिळेल, नवे लाकूड तोडावे लागणार नाही, आणि घरात एक कान तयार होईल.