बाण आडवा आहे

साखर बघायला मला आता रक्त लागत नाही. डाव्या दंडाच्या मागच्या अंगाला नाण्याएवढी एक पांढरी चकती चिकटवलेली असते. तिच्या पोटातून केसाएवढी बारीक तार कातडीखाली जेमतेम पाच मिलिमीटर गेलेली असते. फोन उघडला की आकडा दिसतो आणि आकड्याच्या शेजारी एक बाण. लिफ्टची वाट बघताना बघावं, दूध वर येईस्तोवर बघावं, मध्यरात्री कूस बदलताना एक डोळा किलकिला करून बघावं.

टाइप वन मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मारून टाकलेल्या असतात. म्हणून इतरांच्या पोटात जे काम गुपचूप चाललेलं असतं, ते आम्हाला हातांनी आणि हिशेबानं करावं लागतं. किती खाल्लं, किती चाललो, किती युनिट घेतलं. हा हिशेब मी लहानपणापासून करते आहे. नवीन आहे ते हे सारखं बघता येणं. आणि बघायचं ते आकड्याकडे नव्हे, बाणाकडे. १४२ म्हणजे काय? बाण आडवा असेल तर १४२ म्हणजे निवांतपणा, पाय पसरून बसा. बाण सरळ खाली असेल तर तोच १४२ म्हणजे मिनिटाला दोनहून जास्त वेगानं उतरणारी साखर, अशीच उतरत राहिली तर अर्ध्या तासात ऐंशीच्या घरात. आणि सरळ वर असेल तर खालच्या कॅफेटेरियातला करक चहा. डब्यातलं दाट दूध, वेलदोडा, आणि साखर आधीच उकळून टाकलेली. शारजात गाडी उभी करून हॉर्न दिला की पोरगा कागदी पेल्यात आणून देतो. बिनसाखरेचा मागितला तर तो माझ्याकडे दयेनं बघतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

आम्ही अल नहदात राहतो. कुठल्या, हे विचारावं लागतं, कारण अल नहदा दोन आहेत, एक दुबईत आणि एक शारजात. मध्ये वेस आहे, पण ती दिसत नाही. शारजातली भाडी कमी, म्हणून माणसं अलीकडे राहतात आणि नोकरीला पलीकडे जातात. सकाळी सहारा सेंटरपासून अल इत्तिहाद रस्त्यापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत असतात. आमच्या घराला शारजाचा पत्ता आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत दुबई.

सेन्सरचं काम मला या खिडकीत उभं राहून नीट समजलं. ती तार रक्तवाहिनीत नसते, पेशींच्या मधल्या पाण्यात असते. खाल्लेली साखर आधी रक्तात येते, मग केशवाहिन्यांच्या भिंतींतून झिरपत त्या पाण्यात उतरते. तिथे तारेवरचं विकर साखरेला गाठतं, त्यातून इवलासा विद्युत्प्रवाह निघतो आणि प्रवाहाचा आकडा होतो. म्हणजे माणसं शारजातून घराबाहेर पडली आहेत आणि सेन्सर वेशीपलीकडे दुबईत उभा राहून गाड्या मोजतो आहे. मोजणी बरोबर असते, फक्त पाच-दहा मिनिटं जुनी असते. एरवी त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते साखर उतरत असताना.

ती मिनिटं कशी असतात हे सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ऐकू येतो तो फक्त फोनचा गजर. ओठाच्या वर घाम येतो. गुडघ्यांना आपण कोण ते आठवेनासं होतं. फ्रिज उघडते, त्या उजेडात सफरचंदाच्या रसाची छोटी खोकी दिसतात, नळीचं प्लॅस्टिक दातांनी फाडते. पंधरा ग्रॅम साखर घ्या आणि पंधरा मिनिटं थांबा, असा नियम आहे. यातला पहिला भाग सोपा. थांबणं अवघड, कारण रस पोटात गेलेला असतो, रक्तात साखर चढायला लागलेली असते, घाम सुकत असतो आणि पडद्यावर आकडा अजून उतरतोच आहे. ६४. ६१. ५८. अंग म्हणतं आलीस वर, फोन म्हणतो चाललीस खाली. अशा वेळी आणखी खजूर तोंडात टाकावासा वाटतो, आणखी एक, आणि तासाभरानं २६० वर बसून फोनवरच्या आलेखाच्या रेघेला शिव्या द्याव्यात. तेव्हा मी फोन ओट्यावर पालथा ठेवते, बोटाला सुई टोचते आणि थेंबाला विचारते. थेंब ताजा असतो.

दुबईच्या मेट्रोची तऱ्हा वेगळी. स्टेडियम स्टेशनवरून ग्रीन लाइन पकडावी, गाडीनं वेग घ्यावा आणि ७३ वर बाण तिरका व्हावा. डब्यात खायला-प्यायला बंदी आहे, दंड १०० दिरहम. मी ग्लुकोजची गोळी गालात धरते आणि समोरच्या काचेत बघत राहते. आजवर कुणी हटकलेलं नाही. रमजानमध्ये मात्र दिवसाउजेडी चारचौघांत तोंड हलवायचा संकोच वाटतो. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे हे आमच्या मजल्यावरच्या बायकांनीच मला ठणकावून सांगितलं, आणि वर खजुराचा डबा दिला.

मी नागपुरात वाढले. तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, साखर रंगात दिसायची. मोरीजवळच्या फळीवर बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली, एक परीक्षानळी, लाकडी चिमटा आणि स्पिरिटचा दिवा. आई पाच मिली द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून नळी तिरकी धरून उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटेसारखा लाल गाळ. लाल आलं की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, जणू मी नापास झाले आहे. आज मागे वळून बघते तेव्हा अंगावर काटा येतो तो लाल रंगामुळे नाही, निळ्यामुळे. साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही. म्हणजे १५० लाही निळं आणि ४० लाही निळं. साखर पडते आहे की नाही, हे त्या नळीला कधी कळलंच नाही. ते आईला कळायचं. रात्री ती उठून माझ्या मानेखाली हात घालायची, घाम आहे का बघायला. इतकंच तिचं यंत्र.

इन्सुलिन डुकराच्या किंवा गाईच्या स्वादुपिंडातून काढलेलं असायचं आणि आमच्या कांदा-लसूणही जपून खाणाऱ्या घरात आजीनं त्यावर चकार शब्द काढला नाही. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसला टेकायचं, वीज जायची, आणि बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात उतरायची. फ्रिज नसलेल्या घरांत आजही तसंच करतात. टाइप वनच्या गरीब मुलांना इन्सुलिन मिळावं म्हणून डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली नागपुरातच ड्रीम ट्रस्ट सुरू केला. त्याच्या दोन वर्षं आधी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवून दिलं होतं की साखर जितकी नेटानं आवरावी तितके डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात. नेटानं आवरायची तर आधी दिसायला हवी. तीच तर अडचण होती.

लग्न होऊन इकडे आले तेव्हा आईला धीर आला तो एका नावामुळे. नागपूरच्या डॉ. झुलेखा दाऊद साठच्या दशकात, संयुक्त अरब अमिराती हा देशही झालेला नव्हता तेव्हा, इथे डॉक्टर म्हणून आल्या. १९९२ साली त्यांनी शारजात रुग्णालय काढलं आणि पुढे दुबईच्या बाजूला, आमच्या घरापासून जवळच, दुसरं. मी तिथे जाते की नाही याच्याशी आईला कर्तव्य नाही. नागपूरची बाई तिथे आहे, एवढं तिला पुरतं.

आणि आता तिला रेघही दिसते. सेन्सरच्या ॲपमधून घरच्यांना आकडे पाठवता येतात. भाच्यानं तिच्या फोनवर ते बसवून दिलं. नागपूरचं घड्याळ आमच्या दीड तास पुढे आहे. माझे पहाटेचे तीन म्हणजे तिचे साडेचार, ती उठलेलीच असते, आणि फोन येतो.

"काहून गं, बाण खाली जाऊन राहिला न तुझा! खाल्लं का काही?"

"आई, मी हातावर झोपले होते."

"हातावर म्हणजे?"

हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. सेन्सरच्या कुशीवर झोपलं की तिथलं पाणी दाबलं जातं, तारेपर्यंत साखर पुरेशी पोचत नाही आणि रेघ कड्यावरून उडी मारल्यागत ५५ ला येते. बोटातून बघावं तर ११२. कूस बदलली की थोड्या वेळानं आकडा मुकाट्यानं जागेवर. आईला यातलं पाणी, दाब वगैरे पटत नाही. तिच्या मते मी रात्री कमी जेवते.

मधल्या काळात ते आकडे पाठवणं बंद करावं असं फार वाटायचं. आपल्या पोटातली गोष्ट दुसऱ्या देशातल्या सोफ्यावर बसून कुणी वाचावी, याची चीड यायची. ऑफिसात केक कापला की अर्ध्या तासात प्रश्न: १९८ कशानं गं? पुढे लक्षात आलं की ती 'खातेस कशाला' म्हणून बोल लावत नव्हती. तिला दिवसाची बातमी हवी होती, आणि रेघेत ती असते. साबुदाण्याच्या खिचडीचा उभा सुळका. तूप घातलेल्या पुरणपोळीची आधी साळसूद बसून दोन तासांनी उठणारी टेकडी, कारण तूप पोटाला रेंगाळायला लावतं. संध्याकाळी पॉण्ड पार्कला तळ्याभोवती घातलेल्या फेऱ्यांचा लांब उतार. आजी गेल्याचा फोन आला त्या दुपारी मी काहीच खाल्लं नव्हतं. तरी रेघ चढत गेली, रात्रीपर्यंत चढत गेली. धक्का बसला की शरीर यकृतातली साखर बाहेर काढतं, पळायला किंवा लढायला. पळायचं कुठे होतं? त्या दिवसाचं मला फार आठवत नाही. रेघेला आठवतं.

म्हणून मला 'चांगली साखर', 'वाईट साखर' हे बोलणं सोसत नाही. २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकमतानं ठरवलं की आमच्यासारख्या बहुतेकांनी दिवसाचा ७० टक्के वेळ ७० ते १८० च्या मध्ये असावं. लोक ते उत्तीर्ण व्हायचे गुण समजतात. मी त्याचे तास करून बघते: जवळजवळ सतरा. म्हणजे रोजचे सात तास रेघेनं उंडारावं, अशी मुभा खुद्द तज्ज्ञांनी दिली आहे. मला तर हा आकडा मायाळू वाटतो.

सेन्सर चौदा दिवस चालतो. ऑगस्टमध्ये इथल्या दमट उकाड्यात घामानं चिकटपट्टी आधीच सुटते, मग वरून आणखी एक पट्टी लावायची. नवीन बसवताना दंडाला स्पिरिट, खटका दाबला की टक, आणि मग तासभर काही दिसत नाही. यंत्र अंगाला रुळत असतं. पडद्यावर उलटी मोजणी चालू असते आणि नागपुरातल्या पडद्यावर नुसती कोरी जागा. काल ती मोजणी सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नसतील, तेवढ्यात फोन आला.

"काहीच दिसून नाही राहिलं."

"बदलला गं आई. तासभर थांब."

"थांबते न. काय करून राहिली?"

मी थालीपीठ थापत होते. मग ती महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांवर गेली, यंदा त्यातल्या कोणत्या महागल्या त्यावर, शेजारच्यांनी गच्चीवर केलेल्या गळतीवर, कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नावर. आजीची आंबील कशी व्हायची, ताक किती आंबट लागायचं, हे तिनं एवढ्या तपशिलात याआधी कधी सांगितलेलं नव्हतं. मी कानाशी फोन धरून तवा पुसला, दुसरं थालीपीठ लावलं, तिसरं लावलं. ताकाचं प्रमाण ती सांगतच होती आणि मध्येच थांबली.

"आला बघ. एकशे छत्तीस. बाण आडवा आहे."

"हो का? मग ताक किती घालायचं?"

"ते सांगीन नंतर. ठेवते आता, भाजी लागून राहिली."