सम्राटाची आई, संगमरवरात

इंग्लंडमध्ये, डर्बीशरच्या चॅट्सवर्थ हाऊसमध्ये नेपोलियनची आई बसली आहे. लेतिझिया बोनापार्ट. खुर्चीत किंचित कललेली, एक हात खुर्चीच्या पाठीवर, पाय पुढे सोडलेले. बसण्याची ही ऐट शिल्पकार अंतोनियो कानोव्हाने रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातल्या प्राचीन पुतळ्यावरून घेतली. तेव्हा त्या पुतळ्याला अग्रिप्पिना म्हणत. आज तो सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिचा मानतात. चेहरा मात्र उसना नाही. तेरा बाळंतपणं सोसलेल्या, पाच लेकरं गमावलेल्या, पस्तिशीच्या आतबाहेर वैधव्य आलेल्या कॉर्सिकन बाईचा तो चेहरा आहे.

काम सुरू झालं 1804 मध्ये. त्याच वर्षी 2 डिसेंबरला पॅरिसमध्ये मुलाने मुकुट धारण केला, आणि आई तिथे नव्हती. नेपोलियनचं धाकट्या भावाशी, ल्यूसियांशी, बिनसलं होतं. धाकट्याची बाजू घेऊन ती रोमला निघून गेली होती. चित्रकार दाविदने राज्याभिषेकाच्या चित्रात तिला तरीही ऐन मधोमध बसवलं. 1808 साली पॅरिसच्या सलाँ या कलाप्रदर्शनात ते चित्रही होतं आणि हा पुतळाही. मला दगडाची साक्ष खरी वाटते. त्यातली आई कुणाच्याही दरबारात हजेरी लावायला आलेली नाही.

आणि ती घडवली कुणी? इटलीतल्या पोसान्यो गावच्या ज्या पोराचा बाप लहानपणीच गेला, आईने दुसरं लग्न केलं आणि त्याला आजोबांकडे ठेवलं, त्याने. आजोबा पाथरवट. आईच्या कुशीच्या वयात त्याच्या वाट्याला दगडाची खपली आणि छिन्नीचा आवाज आला. दुसऱ्याच्या आईचे ओठ कोरताना त्याच्या मनात काय होतं, कोण सांगणार. पण त्या ओठांत गोडवा घालायचा मोह त्याने टाळला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

साम्राज्य बुडालं. 1818 मध्ये डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकने पॅरिसमध्ये हा पुतळा विकत घेतला. पुढे ड्यूक रोमला लेतिझियाच्या भेटीला जाई, तेव्हा पुतळा त्याच्याकडे असल्याची ती तक्रार करी. विक्री तिच्याच फायद्यासाठी झाली असावी, असं ड्यूकला वाटे. असेलही. पण ऐन वैभवातही पैपैचा हिशेब ठेवणारी ही बाई. पैशाची किंमत तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही तिची तक्रार पैशाची नव्हती, पुतळ्याची होती.