डावा कोपरा कितीला?

कबड्डीपटूंचा लिलाव होतो, हे मला भाच्यामुळं कळलं. तो शिकायला आमच्याकडं हिवरखेडला असतो. संध्याकाळी मैदानावर उजवा कॉर्नर खेळतो आणि रात्री प्रो कबड्डी लावतो. घरात टीव्ही एकच, म्हणून मालिका सोडून मीही बघायला बसले. लहानपणी आम्ही मुली हुतुतू खेळायचो. दम धरून जायचं, शिवायचं आणि पळत यायचं, एवढीच माझी पुंजी. आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हाच खेळ तिथं करून दाखवला होता, हे मात्र ऐकून होते.

लिलावाचा हिशोब काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. 2023च्या लिलावात पवन सेहरावत या चढाईपटूला तेलुगू टायटन्सनं 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. एवढा महागडा गडी, म्हणजे संघ वरच असणार, असं मी धरून चालले. तर 22 सामन्यांत त्यांनी जिंकले अवघे 2, आणि संघ तळाला! पुणेरी पलटणनं त्याच लिलावात 2 कोटी 35 लाख मोजले ते मोहम्मदरेझा शादलू या इराणी पकडपटूसाठी, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून करंडक नेला.

"म्हणजे पकडणारा घ्यावा, चढाईवाला नाही?" मी विचारलं.

"तसं नाही जी, मामी. तो कोनासंग उभा हाये ते पाहा. नुसता भाव काय पायता?"

मग त्यानं मला मैदानावरच नेलं. पोरं सरावाला जमली होती. सात जण अर्धगोल करून उभे, दोन्ही टोकांना कॉर्नर, त्यांच्या आतल्या बाजूला कव्हर. भाच्यानं शेजारच्या कव्हरची बोटं आपल्या बोटांत अडकवली होती. चढाईवाला बोनस रेषेकडं पाय टाकू लागला तसे दोघं हात न सोडता एक पाऊल मागं सरले. भाचा चढाईवाल्याच्या तोंडाकडं बघतच नव्हता, नजर त्याच्या पुढच्या पायावर. पाय टेकला, तसे हात सुटले, भाच्यानं झेपावून घोटा धरला आणि कव्हरनं बाजूनं येऊन छातीशी धडक दिली. दोघांच्या मध्ये डोळ्याची पापणी लवण्याइतकंच अंतर. पुढच्या खेपेला कव्हर जरा उशिरा आला, तर चढाईवाला भाच्याला फरफटत मधल्या रेषेपर्यंत घेऊन गेला.

"एकट्यानं पकड होत नाही, मामी. कव्हर आला नाही तं रेडर आपल्यालेच घेऊन जाते."

त्यानंतर पुण्याचा संघ मला वेगळा दिसू लागला. अस्लम इनामदार, मोहित गोयत ही पोरं नवोदित म्हणून आलेली आणि संघानं सांभाळून ठेवलेली. 2022च्या अंतिम सामन्यात ते जयपूरकडून 29-33 असे हरले, तेव्हा डाव्या कोपऱ्यात कप्तान फजल अत्राचली होता. पुढच्या हंगामाआधी त्याला सोडून शादलूला आणलं. फजल वाट बघतो, चढाईवाल्याचा पाय आपल्या टप्प्यात येऊ देतो. शादलूला धीर नाही, तो आपणच अंगावर जातो. असा गडी कोपऱ्यातून निघाला की मागं भगदाड पडतं. ते बुजवायला पलीकडं गौरव खत्री, मध्ये अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत. दर सेकंदाला कोण कुठं सरकणार, हे चौघांना पाठ. शादलूच्या झेपेची किंमत लिलावात लागली, पण ती झेप परवडली या तिघांमुळं.

पुढच्या वर्षी हरियाणानं शादलूला 2 कोटी 7 लाखांना नेलं. तिथं जयदीप दहिया, राहुल सेतपाल आधीपासूनच एकत्र खेळत होते. जमलेल्या घडीत एक कोपरा बसवला, आणि 29 डिसेंबर 2024 रोजी पाटण्याला 32-23 असं हरवून ते जिंकले. 2025 साली गुजरातनं त्याच गड्याला 2 कोटी 23 लाख दिले, तर संघ पहिल्या आठांतही आला नाही. माणूस तोच, दोन्ही हात तेच. शेजारी बदलले.

आता लिलाव लागला की मी आकडा ऐकून तोंडात बोट घालत नाही. याचा कव्हर कोण, दोघं किती दिवस एकत्र खेळलेत, आणि चढाईवाला असेल तर तो बाद झाल्यावर मागं पकड करायला कोण उरतं, हे आधी विचारते. भाचा म्हणतो, मामी आता निवड समितीवर जाऊ शकते.

पण माझा गोंधळ पुरता फिटलेला नाही. 2025च्या हंगामात घडी बसलेलं पुणं गुणतक्त्यात पहिलं आलं आणि अंतिम सामन्यात दिल्लीकडून 28-31 असं हरलं. दिल्लीच्या बाजूनं खेळत होता पुण्यानंच सोडलेला फजल.

"आता हे कसं रे?" मी विचारलं.

"समोरच्याईलेबी कव्हर असते ना, मामी!"